परदेशातून बडोद्याची सरकारी कामं: नाव, मुखत्यारपत्र आणि वारसाई

बाबा गेल्यावर काही महिन्यांनी मी एका सरकारी कचेरीच्या खिडकीशी उभी होते. आतल्या बाईंनी तीन कागद शेजारी शेजारी मांडले: घराचा जुना दस्त, बाबांच्या मृत्यूचा दाखला आणि ताईच्या पासपोर्टची झेरॉक्स. पेन्सिलीचं टोक एकेका नावाखाली ठेवत त्या म्हणाल्या, "बेन, आ त्रणे जुदा माणस छे." म्हणजे ही तिन्ही वेगळी माणसं आहेत. दस्तात गुजराती अक्षरांत आडनाव आधी आणि नावापुढे 'राव'. दाखल्यावर त्याच नावापुढे 'भाई'. ताईच्या पासपोर्टात वडिलांच्या नावाला राव नाही, भाई नाही आणि इंग्रजी स्पेलिंगमधलं एक अक्षर गळालेलं.

त्या बाईंचं काही चुकलं नव्हतं. समोर जे दिसलं तेच त्यांनी सांगितलं. चुकलं आमचं. हे कागद आम्ही वर्षानुवर्षं कपाटात जपले, पण एकमेकांशेजारी ठेवून एकदाही वाचले नव्हते.

आम्ही तिघं भावंडं. ताई मेलबर्नला, पासपोर्ट अजून भारतीय. दादा टोरंटोला, कॅनडाचा नागरिक, ओसीआय कार्डवाला (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते कार्ड). मी शेंडेफळ, दांडिया बाजारातल्या घरीच राहिले. त्यामुळे दोघांच्या वतीने कोठी, कुबेर भवन, नर्मदा भवन आणि खंडेराव मार्केट इथल्या सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या मीच झिजवल्या. आता शेजारपाजारचे लोक फाइल घेऊन माझ्याकडे येतात आणि पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसते: काम अंतरामुळे अडत नाही. एका कागदावरचं नाव दुसऱ्या कागदाशी जुळत नाही, किंवा माणूस हयात असताना व्हायला हवा होता तो कागद झालेला नसतो, म्हणून अडतं. या दोन गोष्टी आधी सावरल्या की बाकीचं वेळखाऊ असलं तरी होतं.

आधी नावांचा तक्ता करा

कुठल्याही कचेरीत जाण्याआधी एक मोठा कागद घ्या. डावीकडे घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा, गेलेल्या आईवडिलांचंही. वरच्या ओळीत कागदपत्रं: जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाचा दाखला, आधार, पॅन, पासपोर्ट, बँक पासबुक, घराचा दस्त, प्रॉपर्टी कार्ड, वेराबिल (घरपट्टीचं बिल), विजेचं बिल. मग प्रत्येक चौकटीत नाव जसंच्या तसं उतरवा. मनाने सुधारू नका. चूक जशी आहे तशीच दिसली पाहिजे.

बडोद्याच्या मराठी घरांत या तक्त्यात ठरावीक जागी गडबड निघते. गुजरातेत आडनाव आधी लिहायची पद्धत आहे, त्यामुळे परदेशातल्या फॉर्मवर आडनाव आणि नाव यांची अदलाबदल होते. कारकून सवयीने 'भाई' आणि 'बेन' जोडतो, आपल्या आजोबांनी 'राव' लावलेलं असतं आणि आजीच्या नावापुढे 'बाई'. इंग्रजीत 'व' कुणी व्हीने लिहितं, कुणी डब्ल्यूने. लग्नात नाव बदललेल्या बायकांचं तर विचारूच नका. माझ्या आईचं शाळेतलं नाव वेगळं, रेशनकार्डावरचं वेगळं आणि बाबांच्या पेन्शनच्या कागदांवर तिसरंच.

जन्मस्थळाच्या रकान्यात कुठे 'बरोडा', कुठे 'वडोदरा' असं दिसलं तर घाबरू नका. शहराचं अधिकृत नाव १९७४ मध्ये बदललं, त्याआधीच्या इंग्रजी कागदांवर जुनं नाव असणारच. मात्र नवा फॉर्म भरताना पासपोर्टात जे आहे तेच लिहा.

फरक किरकोळ असेल, म्हणजे 'भाई', 'राव' किंवा एखादं अक्षर, तर 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं सोगंदनामं (प्रतिज्ञापत्र) पुरतं. त्यात प्रत्येक कागदाचं नाव, क्रमांक, तारीख आणि त्यावर नाव कसं आहे ते लिहा. 'सर्व कागदपत्रांत' असं मोघम लिहिलं की पुढच्या टेबलावर प्रश्न येतोच. नावच पूर्ण बदललेलं असेल तर गुजरात सरकारच्या गॅझेटमध्ये नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा. त्याला वेळ लागतो, पण परदेशातली कचेरी सोगंदनाम्यापेक्षा गॅझेटवर जास्त विश्वास ठेवते.

बाहेर राहणाऱ्याने पासपोर्ट पाया धरावा आणि पॅन, आधार, बँक त्याच्याशी जुळवून घ्यावं. उलट दिशेने जाऊ नये, कारण तुमचा व्हिसा, तिथला रहिवास, मुलांचे दाखले सगळे पासपोर्टावरच्या नावाने झालेले असतात.

आईवडील हयात असतील तर त्यांच्या नावांचं सोगंदनामं आजच करा, हे मी अगदी कळकळीने सांगते. आईने स्वतः नोटरीसमोर 'ही तिन्ही नावं माझीच' म्हणून सही केली, तेव्हा सगळं एका सकाळीत उरकलं. बाबांचं तेच काम ते गेल्यावर करायला वारस, पंच आणि जुन्या शेजाऱ्यांचे जबाब लागले.

कायद्याच्या नजरेत तुम्ही कोण, ते ठरवा

भारतीय पासपोर्ट ठेवून बाहेर राहणारा एनआरआय आणि तिथलं नागरिकत्व घेतलेला ओसीआय यांची कामं वेगळ्या वाटांनी जातात. १९५५च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. त्यानंतर जुना पासपोर्ट वापरणं गुन्हा आहे. तो रीतसर जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं, मग ओसीआयचा अर्ज करायचा. रद्द होऊन परत मिळालेला पासपोर्ट मात्र जन्मभर सांभाळा. दादाच्या मुलांच्या ओसीआयच्या वेळी मूळ भारतीय असल्याचा पुरावा म्हणून तोच कामी आला.

दोघांनाही लागू असलेली गोष्ट बँकेची. परदेशी राहायला गेल्यावर इथलं साधं बचत खातं तसंच चालवणं फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात बसत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्यावं लागतं. घरभाडं, डिपॉझिटचं व्याज, घर विकल्याचे पैसे, सगळं त्यातच येतं.

पॅनच्या बाबतीत बऱ्याच जणांची गाडी २०२३ मध्ये अडली. आधारशी न जोडलेली पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाली. अनिवासींना जोडणीतून सूट आहे, पण आयकर खात्याच्या नोंदीत तुमचा दर्जा 'अनिवासी' असेल तरच ती मिळते. आयकर पोर्टलवर आपल्या नावापुढे काय लिहिलंय ते आधी पाहा.

आधार एनआरआयला मिळतं. पूर्वीची १८२ दिवस राहण्याची अट भारतीय पासपोर्टधारकांसाठी २०१९ मध्ये काढून टाकली. ओसीआयला मात्र अर्जाआधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेलं असावं लागतं. आधारचा ओटीपी परदेशी नंबरवर येत नाही, म्हणून इथलं सिम चालू ठेवा. ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्याला दिला जातो. ताईने तिचं सिम मेलबर्नच्या फोनमध्ये दुसऱ्या खाचेत ठेवलंय, महिन्यातून एकदा ती त्यावरून मला मेसेज पाठवते. तुमचे ओटीपी येणारा फोन भावाच्या नाहीतर भाचीच्या हाती देऊन ठेवू नका. हा विश्वासाचा प्रश्न नाही. बँकेत वाद झाला तर उत्तर त्या बिचाऱ्याला द्यावं लागतं.

मुखत्यारपत्र: इथे घाई करू नका

परदेशातल्या माणसाचं बडोद्यातलं जवळपास प्रत्येक काम मुखत्यारपत्राने चालतं, आणि बहुतेक चुकाही इथेच होतात. मसुदा बडोद्याच्या वकिलाकडून करून घ्या, तिकडच्या वकिलाकडून नको. इथल्या सब-रजिस्ट्रारला आणि सिटी सर्व्हेला (नगर भूमापन कचेरीला) कुठले शब्द लागतात ते इथल्याला माहीत असतं.

'माझ्या सर्व मिळकतींबाबत सर्व अधिकार' असं सर्वसाधारण कुलमुखत्यारपत्र शक्यतो देऊ नका, नेमून दिलेल्या कामांचं विशेष मुखत्यारपत्र द्या. मिळकतीचं वर्णन प्रॉपर्टी कार्डावरून जसंच्या तसं घ्या: सिटी सर्व्हे नंबर, शीट नंबर, क्षेत्रफळ, चतुःसीमा. मग अधिकार एकेक करून लिहा: वारसाईचा अर्ज करणं, नोटीस स्वीकारणं, जबाब देणं, वेरा भरणं, मीटर नावावर करणं, प्रमाणित नकला घेणं. विकण्याचा अधिकार द्यायचा नसेल तर 'विक्रीचा, गहाणाचा, बक्षिसाचा अधिकार नाही' असं स्पष्ट लिहा. ताईच्या मुखत्यारपत्रात हे वाक्य मीच आग्रहाने घालून घेतलं. त्याने दोघींनाही शांत झोप लागते.

आता सहीची पद्धत. १९०८च्या नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे भारताबाहेर राहणाऱ्याने मुखत्यारपत्र तिथल्या नोटरीसमोर, न्यायाधीशासमोर किंवा भारतीय वाणिज्य दूतासमोर करावं लागतं. प्रत्यक्षात दोन वाटा आहेत. एक, भारतीय दूतावासात किंवा त्यांच्या नेमलेल्या केंद्रातून साक्षांकन. दुसरी, तिथल्या नोटरीसमोर सही आणि त्यावर त्या देशाचं अपॉस्टिल, म्हणजे करारातल्या इतर देशांत कागद खरा मानला जावा म्हणून दिलेलं सरकारी प्रमाणपत्र. भारतात अपॉस्टिलचा हेग करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियाचं अपॉस्टिल इथे चालतं, आणि ११ जानेवारी २०२४ पासून कॅनडाचंही. त्याआधी कॅनडातल्यांना दूतावासाची वाट धरावी लागत असे, म्हणून जुन्या लेखांतली कॅनडाबद्दलची माहिती वापरू नका. जर्मनी करारात आहे, तरी भारत आणि जर्मनीमध्ये अपॉस्टिल चालत नाही. तिथल्यांनी सरळ दूतावास गाठावा.

सहीच्या वेळी प्रत्येक पानावर सही, शेवटच्या पानावर फोटो आणि त्यावर आडवी सही, दोन साक्षीदारांची नावं, पत्ते आणि सह्या, पासपोर्टची साक्षांकित प्रत, ओसीआय असेल तर कार्डाचीही. तारीख अंकांत न लिहिता महिना अक्षरी लिहा. कॅनडा-अमेरिकेत महिना आधी लिहितात, आणि ०५/०८ म्हणजे पाच ऑगस्ट की आठ मे यावरून मी एक अख्खी दुपार घालवली आहे.

दादाचं मुखत्यारपत्र अपॉस्टिल होऊन आलं तेव्हा माझ्या हातून एक मोठी चूक झाली. पाच पानं आणि सोबत अपॉस्टिलचं एक पान, डाव्या कोपऱ्यात एकत्र टाचलेली, जोडावर अर्धा या पानावर अर्धा त्या पानावर असा उठावाचा शिक्का. झेरॉक्स स्वच्छ यावी म्हणून मी पिन उपसली, पानं सुटी करून दिली आणि पुन्हा टाचली. कोपऱ्यात दोनाची चार भोकं झाली, शिक्क्याची वर्तुळं केसभर सरकली. अधिकाऱ्याने तो कोपरा उजेडात धरला आणि विचारलं की मधलं पान बदललेलं नाही हे मी कशावरून मानू. माझ्याकडे उत्तर नव्हतं. दादाला नोटरीपासून सगळं पुन्हा करावं लागलं. तेव्हा अपॉस्टिलचा कागद सोडवू नका, पंच करू नका, लॅमिनेट तर कधीच करू नका. पानं मुडपून झेरॉक्स काढा, थोडी तिरकी आली तरी चालते.

कागद बडोद्यात पोचला की मुदत सुरू होते. राज्याबाहेर केलेला दस्त गुजरातेत पहिल्यांदा आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर स्टॅम्प ड्युटी भरावी लागते. त्यासाठी कुरियरचं पाकीट आणि पोच पावती जपून ठेवा, कागद कधी आला याचा तोच पुरावा. स्टॅम्प ड्युटीच्या नायब कलेक्टरांकडे अर्ज, मूळ मुखत्यारपत्र, पाकिटाची प्रत आणि स्वतःची ओळख द्यायची. सोबत गुजराती भाषांतर जोडलं तर काम सुकर होतं. तीन महिने उलटले तर दंडाचा प्रश्न येतो, आणि हे बडोद्यात असलेल्याच्या हातात आहे, बाहेरच्याच्या नाही.

मुखत्यारपत्र देणारा वारला की ते त्या क्षणी संपतं, घेणारा वारला तरीही. म्हणून दस्त नोंदवताना देणारा हयात आहे आणि मुखत्यारपत्र रद्द केलेलं नाही, असं सोगंदनामं मागतात. ते आधीच तयार ठेवा. फक्त मुखत्यारपत्राच्या जोरावर घर विकत घेतलं म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. त्याने मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे.

वारसाई: सगळ्यात जास्त वेळ इथे ठेवा

क्रम असा. मृत्यूच्या दाखल्याच्या भरपूर प्रती, मग पेढीनामुं, मग वारसाईची नोंद, मग वेरा आणि वीज.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. घरी मृत्यू झाला असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि स्मशानाची पावती जपा. दाखला हातात आला की तिथेच उभं राहून नाव, वडिलांचं नाव, पत्ता वाचा आणि चूक असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज द्या.

महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना पेढीनामुं हा शब्द नवा वाटतो. ही तलाट्याने दिलेली वंशावळ: गेलेली व्यक्ती, तिचे सगळे वारस, त्यांची वयं, नाती, पत्ते. अर्जदाराचं सोगंदनामं, कुटुंबाला ओळखणारे पंच आणि त्यांचे जबाब लागतात. पंच म्हणून वयाने मोठा, तुमच्या परदेशातल्या भावंडांना लहानपणापासून पाहिलेला शेजारी घ्या. आमच्या समोरच्या वाड्यातल्या काकांनी जबाब देताना दादाचं घरातलं नाव, शाळा, मुंजीचं साल सगळं सांगितलं. तलाट्याने त्यानंतर एक प्रश्न विचारला नाही.

पेढीनाम्यातून परदेशातल्या वारसाचं नाव गाळू नका. 'तो कुठे येणार आहे' म्हणून नाव टाकायचं राहून गेलेली घरं मी पाहिली आहेत, आणि पुढे त्यातून भावाभावांत अबोला आला. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मृत्युपत्र नसेल तर आई, मुलगे, मुली सारखे वारस. परदेशी नागरिकत्व घेतल्याने तो हक्क जात नाही. शेतजमिनीचंही तसंच: ओसीआय ती विकत घेऊ शकत नाही, पण वारसाने ती त्याला मिळू शकते. विकायची झाली तर गुजरातेत घेणारा शेतकरी खातेदारच लागतो, हे मात्र लक्षात ठेवा. हिस्सा सोडायचा असेल तर आधी सगळ्यांची नावं चढू द्या, मग नोंदणीकृत 'हक्क कमी'चा दस्त करा. हक्क सोडणारा बाहेर असेल तर त्याच्या मुखत्यारपत्रात हाच अधिकार, कुणाच्या लाभात ते लिहून, वेगळा दिलेला असावा.

नोंद कुठे करायची ते मिळकतीवर अवलंबून. शहरातल्या जुन्या घराला सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड, पादरा-डभोई-वाघोडियाकडच्या जमिनीला सातबारा आणि ८-अ. सातबारा गुजरात सरकारच्या एनीआरओआर पोर्टलवर कुठूनही पाहता येतो, आणि परदेशातल्या माणसाने वर्षातून दोनदा तरी तो पाहावा. वारसाईचा अर्ज महसूल खात्याच्या आयओआरए पोर्टलवर करता येतो. नोंद घालण्याआधी हितसंबंधितांना कलम १३५-ड ची नोटीस निघते आणि हरकतीसाठी ३० दिवस मिळतात. इथे परदेशी पत्त्यामुळे गाडी थांबते, नोटीस पोचल्याची सही येत नाही. म्हणूनच नोटीस स्वीकारण्याचा अधिकार मुखत्यारपत्रात घाला, असं मी वर म्हटलं. ताईच्या वेळी मीच सही केली आणि वेळ गेला नाही.

महापालिकेच्या वेराबिलावर नाव चढलं म्हणजे घर नावावर झालं, असं बडोद्यात सर्रास मानतात. तसं नाही. वेराबिल कर कुणाकडून घ्यायचा ते सांगतं, मालकी सांगत नाही. तरी नाव बदलून घ्यावंच, आणि वेरा वेळेवर भरावा. तो मेलबर्नहूनही ऑनलाइन भरता येतो. विजेचं मीटर एमजीव्हीसीएल या वीज कंपनीत मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांच्या संमतीने नावावर होतं.

काही घरांत गायकवाडी काळातले कागद निघतात, मोडीत लिहिलेले किंवा मराठी-गुजराती मिसळून. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं, त्याआधीचा कागद असेल तर मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्या आणि गुजराती भाषांतर नोटरीकडून प्रमाणित करून ठेवा. मूळ कागद खिडकीवर देऊन येऊ नका, फक्त दाखवा.

मृत्युपत्र असेल तर बडोद्यात प्रोबेट सक्तीचं नाही, पण ते नोंदवलेलं असलं आणि साक्षीदार हयात असले की फार सोपं जातं. बँकेतला नॉमिनी पैसे हातात घेतो, मालक होत नाही. हे भावंडांनी आधीच एकमेकांना नीट समजावून सांगावं.

घर विकायचं ठरलं तर

थोडक्यात सांगते, कारण इथे सीए हवाच. विकणारा इथला रहिवासी असेल तर ५० लाख आणि त्यावरच्या व्यवहारात घेणारा १ टक्का टीडीएस कापतो. विकणारा अनिवासी असेल तर ५० लाखांची मर्यादा नाही आणि कपात कितीतरी जास्त. तीन भावंडांत दोघं बाहेर असतील तर ज्याच्या-त्याच्या हिश्शावर वेगळा हिशोब लागतो. दस्ताच्या आधी आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र घ्या आणि त्यासाठी सौद्याच्या मुदतीत दोन-तीन महिने राखून ठेवा. पैसे एनआरओ खात्यात येतात, तिथून सीएच्या प्रमाणपत्रावर आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात.

बडोद्याहून तिकडे जाणारे कागद

जन्मदाखल्यात मुलाचं नावच नसणं ही जुन्या दाखल्यांची नेहमीची अडचण, फक्त 'पुत्र' किंवा 'पुत्री' लिहिलेलं असतं. नाव चढवायची मुदत साधारण पंधरा वर्षांची, त्यामुळे घरात लहान मूल असेल तर आजच दाखला काढून पाहा. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९चा कायदा १९७० पासून अमलात आला, त्याआधी घरी झालेल्या जन्मांची नोंद पुष्कळदा सापडत नाही. तेव्हा महापालिकेकडून 'नोंद उपलब्ध नाही' असं प्रमाणपत्र घ्यायचं आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्या दोघांची सोगंदनामी जोडायची. अमेरिकेच्या ग्रीनकार्डसाठी ही जोडी चालते.

सयाजीराव विद्यापीठाचे ट्रान्सक्रिप्ट लागतात तेव्हा सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका आणि पदवी आधीच स्कॅन करून द्या. बंद पाकिटावर शिक्का असेल तर ते पाकीट तिकडच्या संस्थेनेच फोडायचं. 'आत काय आहे ते पाहू' म्हणून घरी उघडू नका.

अपॉस्टिलसाठी आधी राज्य सरकारचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. दुबई, कुवेत, कतारसाठी अपॉस्टिल नव्हे, त्या देशाच्या दूतावासाचं अटेस्टेशन लागतं. एजंटाकडे काम देणार असाल तर मूळ कागदाची पावती, त्याच्या सहीनिशी, हातात घेऊन मगच कागद सोडा.

परदेशात जन्मलेल्या मुलाला भारतीय नागरिक ठेवायचं असेल तर जन्मानंतर वर्षाच्या आत वाणिज्य दूतावासात नोंद करा. ही मुदत चुकली की फार पत्रव्यवहार करावा लागतो.

हयातीचा दाखला

आई एक हिवाळा दादाकडे होती आणि नोव्हेंबर तिथेच आला. पेन्शन थांबू नये म्हणून दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. केंद्र सरकारच्या ऐंशी वर्षांवरच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. परदेशात असताना तो भारतीय दूतावासातून, किंवा तिथल्या नोटरी वा बँक अधिकाऱ्यासमोर सही करून पाठवता येतो. जीवन प्रमाणचं चेहरा ओळखणारं ॲपही आहे. आईने त्यासाठी दादाच्या स्वयंपाकघरात खिडकीशी बसून, चष्मा काढून, डोळे मिटून-उघडून पाहिले. तिसऱ्या वेळी जमलं. जाण्याआधी आधारमधला फोटो आणि बोटांचे ठसे ताजे करून घ्या, म्हातारपणी ठसे पुसट होतात.

दोन आठवड्यांच्या सुट्टीत काय बसतं

बाहेरची मंडळी डिसेंबर-जानेवारीत येतात. त्यात दुसरा आणि चौथा शनिवार कचेऱ्या बंद, रविवार, नाताळ, आणि १४ जानेवारीला उत्तरायण. १५लाही बडोद्यात कामाला माणूस भेटत नाही. दिवाळीत आलात तर वकील आणि दस्त लिहिणारे लाभपंचमीपर्यंत बंद असतात, हे धरून चला. पहिले तीन दिवस लग्नं आणि भेटीगाठींना देऊ नका, उलट करा. स्वतः हजर राहायची कामं, म्हणजे आधारचे ठसे, बँकेची केवायसी, सब-रजिस्ट्रारसमोर सही, पहिल्या आठवड्यात. काही अडलं तर दुसरा आठवडा हाती उरतो. पासपोर्टचं नूतनीकरण सुट्टीत काढू नका, ते तिथल्या दूतावासातून करा.

कुठलाही अर्ज दिला की इनवर्ड नंबर (आवक क्रमांक) आणि तारखेचा शिक्का आपल्या प्रतीवर घ्या. तोंडी 'थई जशे' (होऊन जाईल) ऐकून परत फिरू नका. महिनाभर हालचाल नसेल तर माहितीच्या अधिकारात विचारा: अर्ज क्रमांक अमुक, तो आज कुठल्या टेबलावर आहे, उशिराचं कारण काय. गुजरातेत फी २० रुपये आणि उत्तर ३० दिवसांत यायला हवं. हा अधिकार भारतीय नागरिकांचा, तेव्हा दादासाठी अर्ज मी माझ्या नावाने केला. त्यानेही हललं नाही तर 'स्वागत' कार्यक्रमात तक्रार नेता येते. तो २००३ पासून चालू आहे आणि तालुक्यापासून मुख्यमंत्र्यांपर्यंत त्याचे टप्पे आहेत. मी एकदाच गेले, दाखल-अर्जांच्या तारखा ओळीने लिहून, आणि अडलेली नोंद निघाली.

फाइल कुणाकडे

मूळ कागद एका जागी, बडोद्यात, आगीपाण्यापासून सुरक्षित. स्कॅन तिघांकडे, फाइलच्या नावात तारीख. आणि एक पान वेगळं: कुठला अर्ज कुठे दिलाय, इनवर्ड नंबर, पुढची तारीख. हे पान मी दर रविवारी फोटो काढून आमच्या भावंडांच्या ग्रुपवर टाकते.

एक गोष्ट मात्र आम्ही बरीच वर्षं टाळली. दोन्ही मुखत्यारपत्रं माझ्या एकटीच्या नावावर आहेत, आणि मला काही झालं तर दोन्ही त्याच दिवशी संपतील. या डिसेंबरात ताई येईल तेव्हा नव्या मुखत्यारपत्रात माझ्याबरोबर माझ्या मुलीचंही नाव घालायचं ठरलंय, दोघींपैकी कुणीही एकटीने काम करू शकेल अशा शब्दांत. तिचा जन्मदाखला, आधार आणि पासपोर्ट मी गेल्या रविवारी टेबलावर शेजारी शेजारी ठेवून पाहिले. जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावापुढे 'भाई' आहे. दुरुस्तीचा अर्ज सोमवारी दिला.